पोटखराबातला गडगा

कार्तिक लागला की आमच्या सड्यावर, या उघड्या कातळपठारावर, हवेला चव येते. पावसाने धुऊन काढलेलं आभाळ नितळ असतं, कातळावरचं गवत पिवळं पडू लागलेलं असतं, दूर खाली समुद्राची एक रुपेरी रेघ दिसत असते. आणि अशा एखाद्या निर्मळ सकाळी उत्तरेच्या अंगाने चिरे कापणाऱ्या यंत्राची करकर सुरू होते. घटकाभराने जिभेवर माती येते. तांबडी, पिठासारखी बारीक, किंचित लोखंडासारखी लागणारी. ती आंब्याच्या पानांवर बसते, दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर बसते, आमच्या चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकांच्या कडांवर बसते, आणि उपासनेत पहिलं गीत उचलताना अर्धी मंडळी आधी खाकरते. पाऊस हा आमच्या भागातला एकच असा अधिकारी आहे, की ज्याचा मनाई हुकूम खाणवाले निमूट पाळतात. चार महिने तो खाणीत पाणी भरून ठेवतो. तो गेला, की बाकीच्या अधिकाऱ्यांचं राज्य.

मी पत्रकं लिहिते. एका पानात सगळं बसवायचं: कोण, कुठे, कोणाच्या परवानगीने, आणि खाली मागण्या. या शिस्तीत वाढलेला हात ललित लिहायला अवघडतो. उपमा सुचली की तिच्याकडेही पुरावा मागावासा वाटतो. पण काही गोष्टी पत्रकात मावत नाहीत हे मला गेल्या वर्षी कळलं, आणि तेही एक गडगा पडल्यावर. तो मीच पाडला. हे आधी कबूल करते, मग पुढे बोलते.

गडगा म्हणजे माती-चुना न लावता, दगडावर दगड नुसता बेतून बसवत रचलेलं कुंपण. रत्नागिरीच्या या पट्ट्यात बागांना, परसांना, वाटांना सगळीकडे तेच. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीलाही एक आहे. मंडळी आमची लहान, एका एसटीत उभ्याने मावेल एवढी. पण तिचा एक रिवाज आहे, आणि तो मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. ज्या घरावर संकट आलं आणि प्रभूने त्यातून बाहेर काढलं, त्या घराने संकट जिथे आलं तिथलाच एक दगड उचलून आणायचा, आणि भात घरात आल्यावर, उपकारस्तुतीच्या रविवारी, सगळ्यांच्या देखत तो या गडग्यावर बसवायचा. बसवताना एका वाक्यात सांगायचं, काय झालं होतं. दगडावर मात्र काही लिहायचं नाही. नाव नाही, साल नाही, क्रूससुद्धा नाही. पुढे दर वर्षी त्या रविवारी त्या घरातल्या कोणीतरी येऊन, दगडावर हात ठेवून, तेच वाक्य पुन्हा बोलायचं. शास्त्रात एका संदेष्ट्याची गोष्ट आहे. लढाई निभावल्यावर त्याने रणातच एक धोंडा उभा केला, इथवर कोणी आणलं याची आठवण राहावी म्हणून. आमच्या पणजोबांच्या पिढीतल्या कोणीतरी ती गोष्ट शब्दशः घेतली असावी.

त्यामुळे हा गडगा दिसायला विचित्र आहे, गवंड्याला लाज वाटावी असा. जांभ्याच्या तांबड्या दगडांत मध्येच मालगुंडच्या किनाऱ्यावरचा, लाटांनी गोल केलेला एक करडा धोंडा. तिथे कोणाची तरी होडी उलटली होती. मध्येच दवाखान्याच्या आवारातला सिमेंटचा तुकडा. रेल्वेरुळाखालची काळी खडी. जळालेल्या स्वयंपाकघरातला अर्धा पाटा. लहानपणी मला तो कुरूप वाटायचा. पत्रकं लिहायला लागल्यावर तर मूर्खपणाचा वाटू लागला. जे सांगायचं ते कागदावर लिहून, सही करून, फाईल करून ठेवावं. दगडावर भरवसा ठेवून तोंडी काय सांगत बसायचं? आणि खरं सांगू, मला त्या वाक्यांचाच राग यायचा. ‘देवाने आजवर निभावलं, पुढेही निभावेल’ असं म्हणत कूस बदलून झोपणारी माणसं मी फार पाहिली आहेत. आठवण ही त्यांची उशी असते.

आमच्या घराचा दगड खेडचा. बाबा तिथल्या एसटी डेपोत कारकून होते आणि मी सहा वर्षांची होते, तेव्हाची गोष्ट. जगबुडी नदीचं पाणी गल्लीत शिरलं, ओटीवर आलं, मग शिडीच्या एकेका पायरीने माळ्याकडे चढू लागलं. आई कौलं काढून वर वाट करत होती. बाबा मोठ्याने प्रार्थना करत होते आणि मध्ये थांबून शिडीच्या किती पायऱ्या उरल्या ते बघत होते. पुराच्या पाण्याला वास असतो, रॉकेलचा आणि कुजक्या गवताचा. तो मला अजून ओळखता येतो. समोरच्या चहाच्या टपरीवर नुकताच कामाला लागलेला एक माणूस कमरेला दोर बांधून आला, मला खांद्यावर घेतलं, मग आईला नेलं, मग बाबांना. पाणी ओसरल्यावर बाबा त्याला तीन दिवस शोधत होते. टपरी वाहून गेली होती आणि तो कुठल्या गावचा हे मालकालाही सांगता येत नव्हतं. तेव्हा बाबांनी गल्लीतल्या चिखलातून नदीने आणून टाकलेला एक दगड उचलला, काळा, गुळगुळीत, पावाच्या लादीएवढा. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आम्ही एसटीने गावी आलो. कंडक्टर ओळखीचा होता.

“काय साहेब, कलिंगड काय?”

“दगड आहे.”

“खेडचा दगड रत्नागिरीला? तिकडले संपले की काय?”

सगळी गाडी हसली होती. आज खाणीच्या कड्यावर उभी राहिले की त्या कंडक्टरची मला आठवण येते. संपतच आलेत, हो.

बाबांचं वाक्य असं होतं: “पाणी गळ्यापर्यंत आलं, आणि ज्याचं नाव आम्हांला माहीत नाही असा माणूस प्रभूने पाठवला.” वर्षानुवर्षं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या गडग्याच्या आतच त्यांना ठेवलं. तेव्हा खाण दूर होती. यंत्राचा आवाज यायचा, पण माश्यांसारखा, दुर्लक्ष करता येईल असा. गेल्या वर्षी मी मोजलं. खाणीच्या कडेपासून बाबांच्या क्रूसापर्यंत माझ्या पायांनी बावीस पावलं. आणि खाणवाल्याने त्या बाजूला आणखी सरकायची परवानगी मागितली होती.

आम्ही हरकत घेतली. म्हणजे मी लिहिली, मंडळीने सह्या केल्या. दिवाळी संपता संपता पहिली सुनावणी झाली. अधिकारी सभ्य होते, त्यांनी पाणी विचारलं, माझं पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. मग सातबारा माझ्याकडे सरकवून म्हणाले, “मॅडम, कागदावर तिथे दफनभूमी नाही. इथे बघा, पोटखराब.” पोटखराब म्हणजे जिथे काही पिकत नाही अशी जमीन. माझे बाबा, त्यांचे आईवडील, जन्मून आठ दिवस जगलेला माझा भाऊ, सगळे पोटखराबात. अधिकाऱ्यांचं कागदाच्या बाजूने काही चुकलं नव्हतं, आणि माझ्या संतापाला तेच सहन होत नव्हतं. पिढ्यान् पिढ्या आमची माणसं तिथे माती देत आली आणि एकालाही तलाठ्याकडे जाऊन नोंद करावीशी वाटली नाही. न लिहिण्याची खानदानी सवय. “दोन आठवड्यांनी पुढची तारीख देतो,” ते म्हणाले, “पुरावा आणा. भावना आणू नका.”

परतीच्या एसटीतून फाट्यावर उतरले ती सरळ दफनभूमीत गेले. यंत्र चालू होतं. बाबांच्या लाकडी क्रूसावर तांबडी धूळ साचली होती, नावाची अक्षरं बुजली होती. समोर गडग्यात, खालून दुसऱ्या थरात, खेडचा काळा दगड. इतके दगड, इतकी वाक्यं, आणि तारीख जवळ आली तेव्हा हातात काय, तर पोटखराब. मी वाकले, दोन्ही हातांनी तो दगड धरला आणि ओढून काढला.

ज्याने आयुष्यात एकदा तरी गडगा रचला आहे, त्याला पुढे काय झालं ते सांगायला नको. मी फक्त पत्रकं रचली होती. वरचे दगड क्षणभर जागेवर थांबले, जणू विचार करत होते. मग दोन पुरुष झोपतील एवढ्या लांबीचा गडगा सावकाश, मोठा उसासा टाकावा तसा, माझ्या पायांवर आला. अंगठ्याचं नख गेलं. धूळ बसल्यावर पाहिलं तर होडी, दवाखाना, रेल्वे, आग, सगळे एका ढिगात. एकावरही काही लिहिलेलं नाही.

दफनभूमीची किल्ली मावशीकडे असते. मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, समोरच राहते. आवाज ऐकून आली. ढीग पाहिला, माझ्या हातातला दगड पाहिला.

“पडला?”

“मी काढला.”

“का?”

“तेव्हा ज्याने बुडू दिलं नाही, तो आता बाबांना खाणीत पडू देणार असेल, तर हा ठेवायचा कशाला?”

मावशी खाली बसली. तिने माझा अंगठा बघितला. “आधी पाय धू,” म्हणाली. मग पट्टी बांधता बांधता: “तुझं पत्रक वाचलं मी. खाणवाला आहे, तहसील आहे, खातं आहे. ज्यांची माती इथे आहे त्यांतलं एकही माणूस नाही त्यात.”

“आणि देव नाही, ते?”

“त्याला मी तुझ्या पत्रकात शोधायला जातच नाही. माणसं तरी घाल.” गाठ मारून ती उठली. “येत्या रविवारी उपकारस्तुती आहे. तोवर ढीग असाच राहू दे. सगळ्यांना दिसू दे.”

रविवारी उपासना आटोपून सगळे तिकडे आले. पाळकसाहेबांनी ढिगाकडे पाहिलं, कोट काढून फाटकाला अडकवला आणि प्रवचनाचा दुसरा भाग रद्द केला. मी उभी राहून सांगितलं, मी पाडला, आणि का पाडला तेही. कोणी रागावलं नाही. तेवढ्यात वाटेवरून गोविंददादा आले, खांद्यावर पहार घेऊन. त्यांची कलमांची बाग आमच्या दफनभूमीला लागून आहे. ते मंडळीतले नव्हेत, गावातल्या देवीच्या पालखीला खांदा देणारं त्यांचं घर. पण वाडीतले निम्मे गडगे त्यांच्या हातचे, आणि आमच्याकडे कोणी गेलं की खड्डा खणायला पहिली हाक त्यांनाच जाते.

“काय गो बाय,” ते म्हणाले, “आता दगडांवर पण मोर्चा काय?”

मी हातातला खेडचा दगड त्यांना दाखवला.

“खालचा काढलंस. खालचा काढायचा नसतो. रागवायचंच असंल, तर वरचा काढायचा.”

मग रचणं सुरू झालं. आणि इथे, वाचका, मी जे पाहिलं त्यासाठीच हा सगळा लेख आहे. न लिहिलेले ते दगड ज्याचे त्याने ओळखले. मोतीबिंदू झालेल्या एका काकांनी रेल्वेची खडी केवळ बोटांनी चाचपून वेगळी केली. म्हणाले, हिला डाव्या अंगाला खाच आहे. अर्धा पाटा कोणाचा हे विचारावंच लागलं नाही. गोविंददादा जागा दाखवत, दगड फिरवून बसवत, पहारीने दाबत. आणि प्रत्येक जण हात ठेवून आपलं वाक्य बोलत गेला. सवयीने मी वही काढली आणि लिहू लागले. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला माझा हात थबकला. “होडी उलटली तेव्हा आईला इथे ठेवून आठवडा झाला नव्हता.” “दवाखान्यातून सुटलो त्याच दिवशी मधला भाऊ गेला, तो त्या कोपऱ्यात आहे.” कोण, केव्हा, कुठे. अधिकाऱ्याने जे मागितलं होतं, ते सगळं त्या वाक्यांत होतं. दर वर्षी, माझ्यासमोर, मोठ्याने बोललं जात होतं. मीच ते उशी समजून ऐकत आले होते.

आणखी एक गोष्ट वहीत उतरली. एकाही वाक्यात देव एकटा आला नव्हता. तो दोर बांधून आला होता, वल्हं हातात घेऊन आला होता, रात्रपाळी संपवून पुन्हा थांबलेल्या नर्सच्या पांढऱ्या चपलांनी आला होता. प्रत्येक वाक्यात कोणीतरी उठून उभं राहिलं होतं. मग अशी वाक्यं झोपेसाठी कशी असतील? ज्याला काल कोणीतरी पुरातून खांद्यावर घेतलं, त्याला आज ‘माझं काय काम’ असं म्हणायची सोय उरते कुठे? उपकार आठवणं म्हणजे आपलं नाव पुकारलं जाणं, आणि ‘आलो’ म्हणणं.

शेवटी आमच्या दगडाकडचं टोक रचायला घेताना गोविंददादांनी खेडचा दगड मागितला. मी दिला. त्यांनी तो खालच्या थरात, पूर्वीपेक्षा जरा आत सरकवून बसवला. मी हात ठेवला. बाबांचं वाक्य बोलले, एकही शब्द न बदलता.

शेवटी एक दगड उरला. पिवळसर, साधा, मुठीपेक्षा थोडा मोठा. एकाने पाहिला, दुसऱ्याने पाहिला, कोणाला आठवेना. ते घर कधीच उठून गेलं असेल, किंवा वाक्य बोलणारं शेवटचं माणूस आतच कुठेतरी झोपलं असेल. कोणीतरी म्हणालं, फटीत भर म्हणून घाला.

“भर नको,” मावशी म्हणाली. “कोणाला तरी हात दिला होता त्याने. आपण विसरलो. तो विसरलेला नाही.”

पाळकसाहेबांनी तो दगड खेडच्या दगडाशेजारी राहिलेल्या जागेत ठेवला आणि त्यावर तळवा टेकला. खरं वाक्य त्यांना माहीत नव्हतं आणि खोटं बोलवेना. मग म्हणाले, “इथे कोणीतरी वाचलं होतं.” तेव्हापासून ते वाक्य सगळ्या मंडळीचं आहे.

हात धुताना मी गोविंददादांना तारखेचं सांगितलं. म्हटलं, साक्षीला माणसं लागतील.

“कधी हाय?”

“पुढच्या सोमवारी. पण तुमचा काय संबंध, उगाच खाणवाल्याशी वाकडं—”

“ह्यातले निम्मे खड्डे माझ्या बापाने खणलेत,” त्यांनी मला मध्येच तोडलं. “बाकीचे मी. कागदाला म्हायती नाय, तर कागदाला सांगूक नको?”

सोमवारी आम्ही पहिल्या एसटीने गेलो. गोविंददादा धुतलेली टोपी घालून सगळ्यांत पुढे बसले होते. माझं नवं पत्रक बरंच लांब होतं, दोन पानांवर गेलेलं, आणि त्यात पहिल्यांदाच माणसं होती. अधिकाऱ्यांनी एकेकाचं ऐकलं. मोतीबिंदूवाल्या काकांनी दफनभूमीतली प्रत्येक रांग तोंडी सांगितली, जणू बोटांनी चाचपत. गोविंददादांना विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूने? ते म्हणाले, “मी खड्ड्यांच्या बाजूने.” हसू न आवरता अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. दुपारी हुकूम मिळाला: स्थळपाहणी करावी, तोवर दफनभूमीच्या बाजूला कापणी बंद.

तोवर. एवढाच शब्द आम्हांला मिळाला. तो मी कमी लेखत नाही आणि त्याला विजयही म्हणत नाही. या वर्षभरात स्थळपाहणीची तारीख दोनदा पुढे गेली. कार्तिक पुन्हा लागला आहे आणि यंत्र खाणीच्या दुसऱ्या अंगाला करकरतं आहे. बावीस पावलं अजून बावीसच आहेत. मी दर आठवड्याला मोजते. पाहणी पुढच्या बुधवारी आहे. तीही पुढे गेली तर आम्ही सगळे कचेरीच्या पायऱ्यांवर बसणार आहोत, गीतांची पुस्तकं घेऊन, आणि गोविंददादा पहार घेऊन येतो म्हणाले तेव्हा ती घरी ठेवायला त्यांना महत्प्रयासाने राजी केलं आहे.

त्या सोमवारी कचेरीतून निघताना आवारातल्या चिंचेखालून मी एक दगड उचलला होता. मावशीने पाहिलं.

“अजून सुटका कुठे झाली आहे? आधी सुटका, मग दगड. रिवाज मोडू नकोस.”

“बसवत नाही, मावशी. आणून ठेवते नुसता.”

तिने थोडा विचार केला. “ठेव,” म्हणाली. “पण वाक्य आधी बोलायचं नाही.”

तो आता माझ्या टेबलावर आहे, पत्रकांच्या गठ्ठ्यावर, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून. सकाळी जिभेवर माती येते तेव्हा त्याच्यावरही तांबडी साय धरलेली असते. मी चूळ भरते, तळव्याने तो पुसते, आणि खालची पत्रकं घेऊन फाट्याकडे निघते. वाक्य मी बोललेले नाही. अर्धं मनात तयार आहे: कागदावर आम्ही नव्हतो, आणि... पुढच्या शब्दांसाठी जागा सोडून ठेवली आहे. गडग्यावर मात्र खेडच्या दगडाच्या बरोबर वर, एक दगड बसेल एवढी फट आहे. त्या रविवारी रचताना गोविंददादांच्या हातून ती राहिली असं मला वाटलं होतं. परवा विचारलं, तर म्हणाले, “ऱ्हायली नाय, बाय. ठेवलीय.”